शिंपीण, शिंजीर आणि बाईंचा डावा डोळा

नाशिक,
२४ मे १९९७

ती. सौ. अक्कांना,

धाकट्या जावेचा, म्हणजे प्रतिभाचा, वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले आहे. टेबल बाहेरच्या खोलीत, बाहेरच्या खोलीत बाई झोपलेल्या, म्हणून कागद पोळपाटावर ठेवून लिहिते आहे. अक्षर कुठे गोल गेलं तर दोष पोळपाटाचा.) थोरल्या भाऊजींची कंबर आता कशी आहे? त्यांनी शेकणं सोडलं असेल, असं बाई खात्रीने सांगतात. राखीच्या दहावीच्या निकालाची तुमच्याइतकीच धास्ती मला आहे, कारण सुट्टीत तिला गणित मी शिकवलंय. म्हैस व्यायली का? चांदवडला सगळे खुशाल असाल, अशी आशा करते. आम्ही इकडे खुशाल आहोत, निदान आता तरी.

तुमच्या पोस्टकार्डावर दोनच ओळी होत्या. पहिली, ‘सासूबाईंचा डोळा कसा आहे?’ दुसरी, ‘मल्हारी सांगत होता की तुम्ही घराचं दार बंद करून गटारीवरून ये-जा करता, हे खरं आहे का?’ पहिलीचं उत्तर: बाईंचा डोळा उत्तम. दुसरीचं उत्तर: खरं आहे. एवढं लिहून मी कार्ड टाकणार होते. पण मग वाटलं, अख्ख्या चांदवडात ‘मास्तरीणबाईंच्या घरी काहीतरी बिघडलंय’ अशी बातमी पसरण्यापेक्षा मीच सगळं सविस्तर कळवावं. शिवाय सुट्टी आहे.

एप्रिलच्या सहा तारखेला बाईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. (उजव्याचा अजून पिकायचा आहे, त्याने त्यांना धुरकटच दिसतं.) डॉक्टरांनी चाळीस दिवसांची पथ्यं सांगितली: वाकायचं नाही, धावायचं नाही, उन्हात काळ्या चष्म्याशिवाय जायचं नाही, रडायचं नाही आणि सुईदोरा हातात घ्यायचा नाही. बाकी सगळं बाईंनी ऐकून घेतलं, पण सुईदोऱ्याला त्यांचा चेहरा पडला. त्यांनी चांदवडहून येतानाच गोधडीसाठी चिंध्या-कापसाचं एक गाठोडं आणलं होतं. ते मी माळ्यावर टाकलं. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली अक्का, आणि तुम्हाला ठाऊक आहे, अकरा वर्षांत बाईंचं आणि माझं बोलणं मिठापलीकडे गेलेलं नाही. (‘भाजीत मीठ हाय का?’ ‘आहे.’ ‘लागत नाय.’) आता चाळीस दिवस, दिवसातून सहा वेळा मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालणार आणि त्या मान मागे टाकून माझ्याकडे संशयाने बघणार, या कल्पनेनेच मी मेटाकुटीला आले होते.

पोर्चमध्ये खुर्ची टाकून बाई काळा चष्मा लावून बसायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी मला अशी हाक मारली की मला वाटलं, टाका तुटला. धावत गेले तर बाई फाटकाजवळच्या तेलाच्या डब्याकडे बोट दाखवत होत्या. त्या डब्यात आपलं बदामाचं रोप आहे, कमरेइतकं उंच, पानं ताटलीएवढी. त्यातल्या दोन पानांच्या मध्ये अंगठ्याएवढा एक पक्षी, वर हिरवट, डोक्यावर तांबूस, शेपूट मिजाशीत उभी, आणि चोचीत पांढरा धागा. ‘अगं, ही बया शिवती हाय!’ बाई म्हणाल्या. आणि खरंच, पानाच्या कडेला चोचीने भोक पाडायचं, धागा आत ओवायचा, पलीकडून ओढायचा. हा शिंपी पक्षी हे मला माहीत होतं, पण पुस्तकातल्या चित्रातलं शिवणं आणि आपल्या फाटकापाशी चाललेलं शिवणं यात फरक असतो. बाई दीड तास हलल्या नाहीत. मग निकाल दिला: ‘प्रत्येक टाका सुटा घालती. धावदोरा शिकवला नाय हिला आईनं.’ दुपारी मला माळ्यावरचं गाठोडं काढायला लावून त्यातला कापूस बदामाच्या बुडाशी ठेवला. शिंपिणीने तो नेला. त्या दिवसापासून ती बाईंची झाली.

तिचा नवरा शिवणात हात लावत नाही, पण घसा त्याचा असा की काय सांगू! अंगठ्याएवढा देह आणि सकाळपासून ‘टोविट टोविट टोविट टोविट’. द्वारकेच्या चौकात जीपवाल्यांचे पोरगे दाराला लटकून ‘सिन्नर सिन्नर सिन्नर’ ओरडतात ना, अगदी तसं. बाई त्याला कंडक्टर म्हणायला लागल्या. कंडक्टर दुसऱ्या झाडावर गेला की ‘गाडी सुटली’ म्हणायच्या.

आता मला सांगा, सासूला एक पक्षी मिळाल्यावर सुनेने काय करावं? मी काहीच केलं नाही, माझा पक्षी आपणहून आला. दाराच्या बेलची वायर चौकटीवरून खाली लोंबते. (तुमचे धाकटे दीर ती तीन वर्षं ‘या रविवारी ठोकतो’ म्हणताहेत.) तिच्या टोकाला एक दिवस कोळ्याचं जाळं आणि कचरा लटकलेला दिसला. मी झाडू आणला, तेवढ्यात एक चिमुकली, बाकदार चोचीची, मळकट पिवळी पाखरीण आली आणि त्या कचऱ्यात आणखी एक काडी खुपसून गेली. शिंजीर! आठ दिवसांत तिने लांबट थैलीसारखं घरटं टांगलं, बाजूला दार, दारावर चक्क छोटीशी पडवी. त्यात झाडाची साल, एसटीचं तिकीट आणि सहामाहीच्या एका उत्तरपत्रिकेचा कोपरा, त्यावर माझी लाल शाईची अर्धी बरोबरची खूण. ती खूण बघून माझं मन भरून आलं. तिचा नवरा तर काय! ऊन पडलं की काळ्याचा निळा, निळ्याचा जांभळा असा झगमगतो, आणि गातो तेही बारीक, भरभर, चिवचिव करत, तारा छेडल्यासारखं.

बाईंना ते बघवेना. ‘भंगारवाली हाय तुझी,’ त्या म्हणाल्या. ‘अन् दादला वरातीतल्या बँडवाल्यावाणी नुसता कोट घालून फिरतो. एक काडी तरी उचलली का त्यानं?’ मी म्हटलं, तुमच्या कंडक्टरने तरी कुठे सुई धरली? झालं. अकरा वर्षांत जे भांडण मिठावर भागलं होतं ते आता मोकळं सुटलं. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता आखला (सवय, अक्का, सवय): एकीकडे शिंपी, दुसरीकडे शिंजीर, आणि खाली एकेक ओळ: घर, टाके, आवाज, नवऱ्याची वागणूक, अंडी. बाईंना वाचता येत नाही, म्हणून तक्त्यात मी लबाडी करीन या भीतीने त्या मला रोज तो मोठ्याने वाचायला लावत. अंड्यांत त्या जिंकल्या, शिंपिणीची तीन, माझी दोन. पडवीबद्दल मी एक गुण घेतला. तो त्यांनी आजतागायत मान्य केलेला नाही.

मग मी एक चूक केली. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या साधनाबाईंना दुर्बीण घेऊन बोलावलं, म्हटलं, तज्ज्ञाचं मत असावं. साधनाबाईंनी दोन्ही घरटी पाहिली आणि सांगितलं की दोन्ही गाणारे पक्षी असले तरी कुळं साफ वेगळी. शिंजिराचं कुळ स्वतंत्र, आणि शिंपी मोडतो वटवट्यांच्या कुळात. मला हसू आवरेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि दोन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. अक्का, मी शपथेवर सांगते, वटवट्या हे नाव मी ठेवलेलं नाही, पुस्तकात आहे. तिसऱ्या दिवशी थेंब घालून घेताना, मान मागे टाकलेली असतानाच, त्या म्हणाल्या, ‘कुळं येगळी हायत ना? मंग सोयरीक जमती की.’ थेंब गालावर पडला, इतकी मी हसले.

आता गटारीचं. आपली बेल पाखराच्या आवाजात वाजते, हे तुम्हाला आठवत असेल. दिवाळीला हौसेने घेतली होती. दूधवाल्याने बटण दाबलं की शिंजिराच्या नवऱ्याला वाटायचं, घरात दुसरा नर शिरलाय. तो येऊन बेलच्या डब्याला चोचीने ठोकायचा. म्हणून ह्यांनी बेलचा फ्यूज काढला. त्याच फ्यूजवर बाहेरच्या खोलीचा पंखाही होता, हे मे महिन्यात समजलं. पुढे पिल्लं निघाली. घरटं नेमकं दारात माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, दार उघडलं की वाऱ्याने गरगर फिरायचं. म्हणून दार बंद केलं. राहिलं मागचं दार, आणि तिकडे जायला शेजारच्या भिंतीलगतची ती बोळ, दोन फूट रुंद, त्यात निम्मी गटार. आम्ही तिघं सडपातळ, आम्हाला सवय झाली. पण तुम्ही मल्हारीजवळ बाजरीचं पोतं दिलंत! मल्हारीचा घेर तुम्हाला माहीत आहे, त्यावर खांद्याला पोतं. तो मधोमध अडकला. ह्यांनी पुढून ओढलं, मी मागून ढकललं, आणि बाई पोर्चमधून ओरडत होत्या, ‘हळू बोला, पिल्लं निजली हायत!’ शेवटी मल्हारी सुटला, पण पोतं फाटलं आणि पायलीभर बाजरी गटारीत गेली. चहासुद्धा न घेता तो गेला. चांदवडात त्याने काय सांगितलं असेल त्याचा मला राग नाही. मी असते तर जास्त सांगितलं असतं.

स्कूटरचंही त्याने सांगितलं असेल, म्हणून तेही लिहिते. शिंजिराला आरशातही शत्रू दिसायचा. सकाळी सहा ते नऊ तो स्कूटरच्या आरशावर बसून स्वतःशी मारामारी करी. बायकोने घर बांधलं, अंडी उबवली आणि नवरा आरशाशी भांडतोय (बाईंनी तक्त्यात हे ठळक लिहायला लावलं). ह्यांनी आरशांवर आपले मोजे चढवले, एक काळा, एक तपकिरी. आणि एक दिवस पहिल्या पाळीला उशीर झाला म्हणून तसेच निघाले. द्वारकेच्या चौकात पोलिसाने थांबवलं.

‘हे काय?’

‘मोजे आहेत साहेब.’

‘ते दिसतंय. आरशाला थंडी वाजते का?’

ह्यांनी खरं ते सांगितलं: घरी पक्षी आहे, तो आरशात बघून भांडतो, म्हणून. पोलिसाने जरा वेळ विचार केला. मग म्हणाला, ‘आमच्या घरी पण हेच आहे, पण आम्ही मोजा नाही घालत.’ आणि सोडून दिलं. हे कारखान्यात उशिरा पोहोचले आणि तिथेही खरंच कारण सांगितलं. तेव्हापासून तिथे ह्यांना कोणी नावाने हाक मारत नाही.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, आणि मग गेल्या आठवड्यातली ती दुपार आली. मी आत पोळ्या करत होते. बाई पोर्चमध्ये. फाटकावर एक भारद्वाज येऊन बसला. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून बाईंनी हात जोडले आणि डोळ्यासाठी काहीतरी मागितलंही. त्या देवाने मागणं ऐकता ऐकता मीटरच्या पेटीवर उडी मारली आणि मान लांब करून शिंजिराच्या पडवीत चोच घातली. शिंजिरीण किंचाळली. बाई उठल्या. चष्मा उडाला, चप्पल फेकली, काठी घेतली आणि भर उन्हात त्या धावल्या, अक्का, चाळीस दिवसांची पथ्यं चार पावलांत मोडली. आवाज ऐकून मी लाटणं घेऊन निघाले, पण दार उघडायचं सोडून सवयीने मागच्या दाराने, बोळीतून, गटारीवरून, घराला वळसा घालून आले! येऊन बघते तर बाई माझ्या घरट्याखाली काठी उगारून उभ्या, पदर खाली, पाय अनवाणी. भारद्वाज तिथून सुटला तो सरळ बदामाच्या डब्यावर. मी ओरडले, ‘बाई, तुमची शिंपीण!’ त्या वळेपर्यंत त्याने शिवलेल्या पानात चोच घालून एक पिल्लू उचललं आणि भिंतीपलीकडे गेला.

कंडक्टर ओरडत राहिला.  बाईंनी आधी वर बघून माझी दोन पिल्लं मोजली, मग डब्याशी जाऊन, वाकून, आपली दोन मोजली.

मी त्यांना तशीच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. रस्ताभर मनात तुम्हाला लिहायचं पत्र जुळवत होते, आणि ते असलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि बॅटरी घेऊन डोळा तपासायला लागले.

‘सरुबाई, तो पक्षी किती लांब होता?’

‘शेवटाला? त्या दारापस्तोर.’

‘आणि चष्मा नव्हता. मग नीट दिसला का?’

‘दिसला म्हंजी? मेल्याचा डोळा लाल हाय, कुंकवावाणी. जाताजाता माझ्याकडं बघून गेला.’

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. उजव्या डोळ्याने तर बाईंना माणूसही नीट ओळखू येत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन इतकं चांगलं झालंय हे मलाही माहीत नव्हतं. वर मला बजावलं की ही तपासणी पुन्हा करू नका.

संध्याकाळी बाई जेवल्या नाहीत. मी पेजेचा वाडगा घेऊन पोर्चमध्ये गेले, शेजारी बसले आणि विचारलं, ‘बाई, तुम्ही आधी तुमच्या शिंपिणीकडे का नाही गेलात?’

‘तू तिथं नव्हतीस ना,’ त्या म्हणाल्या. ‘मंग तुझ्या पाखराकडं कुणी बघायचं?’

मी वाडगा पुढे केला. तो हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘तिनातली दोन राह्यली. माझी बी तशीच राह्यली.’ अक्का, आपल्या मधल्या दिरांबद्दल मला तुम्हीच कधीतरी सांगितलं होतंत, चार वर्षांचे होऊन गेले ते. बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या मधल्या दिरांना वांग्याचं भरीत आवडायचं आणि ते शेळीशी बोलायचे. मी म्हटलं, ‘बाई, रडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.’ तर म्हणाल्या, ‘आपरेशनचा नाय रडत. दुसरा रडतोय.’ मग त्या हसल्या, मीही हसले, आणि माझे मात्र दोन्ही रडत होते. पेज त्यांनी संपवली. मीठ लागत नाही, म्हणाल्या नाहीत. (मी घातलंच नव्हतं, हे मला नंतर कळलं.)

या मंगळवारी बाईंची दोन्ही उडाली. एक तर उडून सरळ बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर येऊन बसलं. बाई श्वास रोखून अशा बसल्या की मलाच श्वास लागला. गुरुवारी माझी दोन्ही गेली. पहिलं सहज गेलं, दुसरं पडवीत बसून सकाळभर विचार करत होतं, आणि बाई खालून त्याला सांगत होत्या, ‘ये रं, ये, काय नाय व्हत.’ माझ्या पिल्लाला! तक्त्यात शेवटची ओळ ‘निकाल’ अशी होती, ती मी कोरी ठेवली आहे. कॉलनीभर चार पिल्लं फिरताहेत आणि कंडक्टर नव्या गाडीची घोषणा करतोय.

फ्यूज बसवला. पंखा सुरू झाला. दार उघडलं. आम्ही तिघंही अजून मागूनच येतो.

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार सांगा. मल्हारीला म्हणावं, चहा राहिला आहे.

तुमची,
प्रतिभा

ता. क. भाऊजी पुढच्या रविवारी बाईंना न्यायला जीप घेऊन येणार आहेत असं कार्डाच्या कडेला उभं लिहिलं होतं, ते मी आत्ता वाचलं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की महामार्गावरची धूळ नव्या डोळ्याला चांगली नाही. दिवाळीपर्यंत तरी बाईंनी प्रवास करू नये.

ता. क. २. अक्का, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत, आणि कडेची ओळ मी कार्ड आलं तेव्हाच वाचली होती. ते म्हणाले, आता बाई पायी चांदवडला गेल्या तरी चालेल. मीच म्हणते आहे. एवढं सगळं लिहिलं ते यासाठीच. भाऊजींच्या कमरेचं काहीतरी निमित्त काढून जीप थांबवा. बाई असल्या की घरात बोलायला कोणीतरी असतं. हे बाईंना कळू देऊ नका.

ता. क. ३. पाकीट बंद करणार तेवढ्यात बाईंनी ह्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं, आणि ह्यांनी ते पहिल्यापासून कंसांसकट वाचलं. मी स्वयंपाकघरात लपले होते. बाईंनी एक निरोप घालायला लावलाय, जसा सांगितला तसा लिहिते: ‘थोरलीला म्हणावं, मी एवढ्यात येत नाय. पन जीप मातर दर महिन्याला धाड, अन् दारात हारन वाजीव. दोन बाजारांत मागणी असली तरच कांद्याचा भाव टिकतो, अन् सासूचा बी.’